सर्वांत आखूड सावली

सूर्य कसा शिकवायचा, हे आम्हांला भर दुपारी पडदे ओढून शिकवलं गेलं. प्रोजेक्टरने भिंतीवर पाडलेला सूर्य फिकट दिसत होता म्हणून खिडक्या लावल्या, दिवे घालवले, आणि शहाद्यातल्या एका सभागृहात आम्ही सगळे मास्तर-मास्तरणी अंधारात बसलो. बाहेर पावसाळ्यानंतरचं कडक ऊन पडलं होतं. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "चला, निदान पंखा तरी आहे." मी तोंड उघडलं असतं तर तिथेच भांडण झालं असतं, आणि जेवण अजून व्हायचं होतं.

नव्या पद्धतीचं प्रशिक्षण होतं ते. आता पृथ्वी आणि आकाश हे विषय पुस्तकातून वाचून दाखवायचे नाहीत, मुलांना मैदानात न्यायचं, त्यांनी स्वतः पाहायचं, मोजायचं आणि मग बोलायचं. ऐकून मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी हेच घसा फोडून सांगत आले होते. मग तज्ज्ञ सरांनी एक निरीक्षणपत्रिका वाटली. काठी उभी करा, थोड्या थोड्या वेळाने सावलीच्या टोकाशी खूण करा, सर्वांत आखूड सावली किती वाजता पडते ते लिहा. इथवर उत्तम. त्याखाली निळ्या अक्षरांत नमुना उत्तर छापलेलं होतं: दुपारी बारा वाजता.

मी हात वर केला. "सर, उत्तर छापलेलंच आहे, तर पोरांनी उन्हात कशाला उभं राहायचं?"

"ते शिक्षकांच्या सोयीसाठी आहे, मॅडम."

"आणि पोरांचं उत्तर वेगळं आलं तर?"

"वेगळं कसं येईल? सूर्य एकच आहे," ते म्हणाले. सगळे हसले. मग जेवणाची सुट्टी झाली.

मी तापीकाठची. आमचं घर शहाद्याजवळच्या खेड्यातलं, केळी-कापसाचं, घरात सगळी अहिराणी बोलणारी माणसं. नोकरी मात्र डोंगरात, मोलगीच्या वाटेवर. आठवीपर्यंतची शाळा. पोरं घरी पावरी बोलतात, प्रमाण मराठी त्यांना पुस्तक उघडल्यावरच भेटते. तशी ती मलाही शाळेतच भेटली होती, म्हणून त्यांची अडचण मला सांगावी लागत नाही. रस्ता बरा असेल तर जीप शाळेपर्यंत जाते, नसेल तर शेवटचा चढ पायी.

त्या प्रशिक्षणाहून येताना आमच्या शाळेला एक पेटी मिळाली होती. खडकांचा संच. थर्माकोलच्या खाचांत दगडाचे तुकडे चिकटवलेले, खाली नावं. पहिल्याच खाचेत बेसाल्ट. अहो, आमची शाळाच बेसाल्टवर उभी आहे. मागे डोंगरात काळ्या दगडाची उभी भिंत आहे, कोणी बांधलेली नाही, जमिनीला पडलेल्या भेगेत लाव्हा घुसून गोठला आणि पुढे बाजूचा दगड झिजून गेला, तशी ती राहिली. पोरं तिच्यावर बसून चिंचा खातात. आणि आम्ही दुकानात विकत घेतलेला काळा दगड जीपमध्ये घालून, वर चढवून, त्यांना दाखवायला नेत होतो. ज्वालामुखीचा धडा आला की पुस्तकात परदेशातला बर्फाच्या टोपीचा डोंगर असतो. पोरांना वाटतं, ज्वालामुखी तिकडे असतात, आपल्याकडे नुसते दगड. मी ती पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटावर ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे.

सावलीचा प्रयोग मात्र मी करायचाच असं ठरवलं. काठी कशाला शोधा, मैदानात झेंड्याचा खांब होता. खो-खोच्या रेषा आखायची फक्की होती. आठवीचा वर्ग बाहेर काढला आणि सांगितलं, पत्रिका मिटा, खांबाकडे बघा.

त्या वर्गात एक मुलगी होती. सगळ्या वर्गात मला तिचीच काळजी. तिचे आईबाप दिवाळीनंतर तिला आजीपाशी ठेवून ऊसतोडीला गुजरातेत जायचे. आमच्याकडे नववी नाही. नववी ते बारावीची एक निवासी शाळा होती, तिची निवड परीक्षा फेब्रुवारीत. तिथे जागा मिळाली तर पोर शिकणार, नाही मिळाली तर पुढच्या हंगामात आईबापांबरोबर उसाच्या फडात, धाकटी भावंडं सांभाळायला आणि जमेल तशी मोळी उचलायला. मोठ्या बहिणीचं तेच झालं होतं. तिला हे पक्कं माहीत होतं आणि ती त्याबद्दल कधी रडायची नाही. अभ्यास करायची, बस्स. चुकीचं काही चालून जाऊ द्यायची नाही, माझंसुद्धा. फळ्यावर माझी बेरीज चुकली की उभी राहायची आणि मी दुरुस्त करीपर्यंत बसायची नाही. मला अशी पोरं आवडतात. घरी मीही अशीच होते, म्हणून मार खाल्ला.

तर सकाळपासून खुणा मारत गेलो. सावली आखडत आली. बारा वाजले, खूण झाली. मी म्हटलं, थांबा, अजून मारा. पुढची खूण खांबाच्या आणखी जवळ पडली. त्याच्या पुढची आणखी थोडी. सव्वाबारा उलटून गेल्यावर कुठे सावली लांबायला लागली. मग मी हजेरीच्या कामासाठी आत गेले आणि बाहेर आले तर पोरांनी खुणा पुसल्या होत्या. सगळं साफ करून बाराची खूण खांबाच्या जवळ सरकवली होती आणि नंतरच्या खुणा लांब नेऊन ठेवल्या होत्या. लबाडी म्हणून नव्हे हो. त्यांना वाटलं, आपलं चुकलं. छापलेलं चुकत नाही, म्हणजे आपण चुकलो, म्हणजे मॅडम यायच्या आत नीट करून ठेवावं. माझी सोय बघितली त्यांनी. तो प्रकार पाहून मला पोरांचा राग आला नाही, आमचाच आला, सगळ्या मास्तरजातीचा. आठ वर्षांत आम्ही त्यांना एवढंच पक्कं शिकवलं होतं.

ती मुलगी तेवढी बाजूला उभी होती. हाताला फक्की लागलेली. म्हणाली, "मॅडम, मी नको म्हटलं होतं. पत्रिकेत काय लिहू? झालं ते का छापलं ते?"

"झालं ते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खुणा मारल्या आणि पुन्हा तेच आलं. मग मी भूगोलाचं पुस्तक उघडायला लावलं. त्यात प्रमाणवेळेचा धडा आहे, पोरांना तोंडपाठ. भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आहे, एका रेखांशाला चार मिनिटं. मी विचारलं, मिर्झापूर आपल्या कुठे? पूर्वेला. सूर्य आधी कोणाच्या डोक्यावरून जाईल? त्यांच्या. मग आपल्याकडे बाराला सूर्य माथ्यावर कसा येईल? ती मुलगी हळूहळू म्हणाली, "आपल्या हातात घड्याळ मिर्झापूरचं आहे. सावली आपली आहे."

असा तास आयुष्यात फार थोड्या वेळा होतो. पोरांनी रेखांश काढले, वजाबाकी केली, गुणाकार केला, आणि सरासरी अर्ध्या तासाच्या थोडा पुढे फरक निघाला, आमच्या खुणांपेक्षा जास्त. मग डिसेंबरात पुन्हा मोजलं तर सावली साडेबाराला आखूड होऊ लागली, जानेवारीत पाऊण वाजत आला. हे का सरकतं ते मला सांगता आलं नाही, घरी जाऊन वाचावं लागलं. पृथ्वीची वाट पुरती गोल नाही आणि आस कललेला आहे, म्हणून सूर्य घड्याळाशी कधी मागे कधी पुढे होतो. मी ते सांगितलं तेव्हा पोरं खूश झाली. एकच गोष्ट सगळ्यांना कळली होती, की आमच्या गावात बाराला आखूड सावली कधीच पडत नाही. वर्षातल्या एकाही दिवशी नाही. आणि ज्या दोन दिवशी सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते, त्यातला एक उन्हाळ्याच्या सुट्टीत जातो आणि दुसरा जुलैच्या ढगांत. शाळेचं वेळापत्रक आखणाऱ्याने मुद्दाम केल्यासारखं.

जानेवारीत केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. नव्या पद्धतीचा उपक्रम कुठवर आला ते बघायला. पोरांना खांबाभोवती उभं करून फोटो काढले, ग्रुपवर टाकले, आणि मग पत्रिका चाळायला बसले. चाळता चाळता थबकले. "हे काय? सगळ्या वर्गाचं उत्तर चुकलं आहे."

"चुकलेलं नाही साहेब. मोजलं आहे."

"तुमचा खांब वाकडा असेल."

मी म्हटलं, खांब सरळ आहे, गवंड्याने ओळंबा लावून उभा केला आहे. मग ते म्हणाले घड्याळ पुढे असेल. मी मोबाइल दाखवला. मग मी भूगोलाचं पुस्तक त्यांच्यापुढे उघडून धरलं, तो धडा, ती ओळ. त्यांनी वाचली. वाचल्यावर चेहऱ्यावरून मला कळलं, की त्यांना समजलं आहे. याचाच मला सर्वांत जास्त संताप आला. अडाणीपणा मी समजू शकते. समजून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "मॅडम, तो भूगोल. हे विज्ञान. नमुना उत्तराप्रमाणे अपलोड करा, नाहीतर आपल्या केंद्राची टक्केवारी खाली येते."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. मुख्याध्यापक मध्ये पडले, चहा मागवला, साहेबांना गाडीपर्यंत सोडून आले आणि परत येऊन मला म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण बरोबर असून करायचं काय?" भला माणूस. निवृत्तीला आलेला. त्यांच्याशी काय भांडणार.

पण घोडं खरं पुढे अडलं. निवड परीक्षेच्या आधी केंद्राने सराव परीक्षा घेतली. त्यात हाच प्रश्न, रिकामी जागा भरा. सर्वांत आखूड सावली दुपारी अमुक वाजता पडते. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने लिहिलं, साडेबाराच्या पुढेमागे. लाल फुली. बाकीच्या पोरांनी बारा लिहून गुण घेतला होता. प्रयोग करून, हिशेब करून, सगळं कळून बारा लिहिलं होतं, इतकी ती शहाणी झाली होती. मी केंद्रावर फोन केला. उत्तर मिळालं, उत्तरसूची वरून येते. वरून म्हणजे कुठून, हे काही कोणी सांगेना. आणि खऱ्या परीक्षेचे प्रश्न याच प्रश्नपेढीतून निघणार, हे सगळ्यांना माहीत होतं. एकेका गुणावर जागा जाते तिथली.

रविवारी माहेरी गेले होते. थोरला भाऊ केळीच्या गाडीचा हिशेब करत बसला होता. मी तावातावाने सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मन्ही बहीन मास्तरीन शे का सूर्य शे? तुले काय करनं शे? तिले बारा लिखाले सांग नी मोकळी हो." वहिनी हसली. मला हसू येईना. त्याचं म्हणणं मला पटलं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं.

कारण दिवाळीनंतर, उसाला निघायच्या आधी, मोलगीच्या बाजारात तिचा बाप मला भेटला होता. मिठाचं पोतं खाली ठेवून, हात जोडून, मोडक्या मराठीत त्याने एवढंच म्हटलं होतं, "मॅडम, हिला पास करा. पास झाली तर नाही नेत." त्या माणसाला मी काय मिर्झापूर सांगू?

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बोलावलं. तिला सांगायचं वाक्य मी वाटभर जीपमध्ये जुळवलं होतं. बाळ, परीक्षेत ते मागतात ते द्यायचं, खरं आपल्यापाशी ठेवायचं. ती समोर उभी राहिली. सगळी हयात ज्याच्यासाठी भांडले ते मीच कसं गिळायला सांगू? मी म्हटलं, "अभ्यास कर नीट." ती म्हणाली, "हो मॅडम." आणि गेली.

परीक्षा झाली. परत आलेल्या जीपमधून ती उतरली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मॅडम, तो प्रश्न आला होता. मी बारा केलं."

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. सरावात फुली मिळाली ना." मग माझा चेहरा बघून तिने जरा समजूत घातल्यासारखं म्हटलं, "मला माहीत आहे ना मॅडम, केव्हा पडते ते. फक्त लिहिलं नाही."

एवढं म्हणाली म्हणून मला तग धरता आला. लिहिलं नाही, पण माहीत आहे. म्हटलं, ठीक आहे, एवढं वाचलं तरी पुष्कळ. जागा लागली तिला. मुख्याध्यापकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले, आनंदच झाला होता, का नाही होणार? ती ऊस तोडणार नव्हती. तिचा बाप फडावरून परत आला तेव्हा मला भेटायला शाळेत आला.

त्या उन्हाळ्यात पुन्हा प्रशिक्षण झालं. या वेळी पत्रिका रंगीत होती. सभागृहाबाहेर एका दुकानदाराने टेबल मांडलं होतं, शहाद्यातलंच जुनं स्टेशनरीचं दुकान, मारवाडी शेठ. बटण दाबलं की दिवे लागणारी सूर्यमाला विकत होते. मला ओळखून म्हणाले, "घ्या मॅडम, नव्या पद्धतीची आहे. पोरांना हात लावायची गरजच नाही." शेठ निदान खरं बोलले. आत कोणी बोललं नाही. नमुना उत्तर तेच होतं. मी हात वर केला नाही. अंधार होता, केला असता तरी दिसला नसता, असं मी स्वतःला सांगितलं आणि जेवायला गेले.

मग पुढची दिवाळी आली. सुट्टीत ती मुलगी घरी आली होती. तिचे आईबाप दोन-चार दिवसांत उसाला निघणार होते, बाजारहाट करायला मोलगीला आले होते आणि मी जीपची वाट बघत उभी होते. भर दुपार. बापाने मला लांबूनच पाहिलं आणि पोरीला दंडाला धरून घेऊन आला. काय पोर दिसत होती. अंगावर निवासी शाळेचा स्वेटर, केस नीट विंचरलेले, मराठी अगदी पुस्तकासारखी. वर्गात पहिली आली म्हणाली. विज्ञानात तर सगळे गुण. मी तिला जवळ घेतलं. काय वाटलं ते सांगता येणार नाही, डोळे भरून आले हे खरं.

बापाला ते पुरेना. त्याला ऐकायचं होतं. हंगामभर उसाच्या फडात तो ज्याच्यासाठी राबला ते त्याला आपल्या कानांनी ऐकायचं होतं. म्हणाला, "मॅडम, विचारा ना तिला काही. विचारा." भोवती त्याच्या गावची चार माणसं थांबली, तीही बघू लागली.

मला दुसरं काही सुचलं नाही. खरं म्हणजे मला तेच विचारायचं होतं, तिचं आणि माझं होतं ते. मी म्हटलं, "सांग बरं, आपल्याकडे सर्वांत आखूड सावली केव्हा पडते?"

"दुपारी बारा वाजता," ती म्हणाली.

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. कुठे थट्टा आहे का, मला काही खूण करते आहे का. नव्हती. सरळ, हुशार, शहाणी नजर. एक क्षणही थांबली नव्हती ती. तिला ते आता असंच माहीत होतं.

बापाने माझ्याकडे पाहिलं. ती माणसंही माझ्याकडे बघत होती.

"बरोबर," मी म्हणाले.